लांगेच्या तळघरांत

इटलीच्या वायव्येला, आल्प्सच्या पायथ्याशी, पिएमोंते नावाचा प्रांत आहे. त्याची राजधानी तोरिनो. तिथून दक्षिणेला साठेक किलोमीटरवर तानारो नदीच्या काठी आल्बा हे गाव लागतं, आणि आल्बा मागे पडलं की जमीन चढू-उतरू लागते. या टेकड्यांना लांगे म्हणतात. माथ्यावर गाव, गावात एखादा जुना किल्ला किंवा चर्चचा मनोरा, आणि तिथून खाली ओढ्यापर्यंत उताराला आडव्या गेलेल्या द्राक्षवेलींच्या ओळी. जिथे ऊन कमी पोचतं त्या बाजूला हेझलनटची झाडं. २०१४ साली युनेस्कोने हा सगळा देखावा जागतिक वारशाच्या यादीत घेतला. याच टेकड्यांवरच्या अकरा गावांत बारोलो ही वाइन होते. तिच्या द्राक्षबागा सगळ्या मिळून सुमारे २,२०० हेक्टर. आपल्या एकट्या निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांनी याहून कितीतरी अधिक जमीन व्यापलेली आहे.

पुढच्या पानांत या छोट्या मुलखातल्या कुटुंबांच्या तळघरांची ओळख आहे. वाइनवर इंग्रजीत पुस्तकांना तोटा नाही, पण त्यांतली बहुतेक बाटलीपासून सुरू होतात आणि गुण देऊन संपतात. मला शेतापासून सुरुवात करावीशी वाटली. बारोलो ही शेतकऱ्याची वाइन आहे. जो वेल छाटतो, तोच पिंप धुतो आणि तोच तुमच्यासमोर ग्लास ठेवतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला, त्यातही ज्याच्या घरी किंवा आजोळी शेती आहे त्याला, ही वाइन शेताच्या बाजूने कळू शकते, आणि ती बाजूच अधिक खरी आहे असं माझं मत आहे.

आजचे नेटके बांध, रंगवलेली घरं आणि अंगणातल्या गाड्या पाहिल्या की इथे पूर्वापार सुबत्ता असणार असं वाटतं. तसं नव्हतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लांगेची ओळख दारिद्र्याची होती. आल्बाचा लेखक बेप्पे फेनोल्यो (१९२२-१९६३) याच्या 'ला मालोरा' या १९५४ सालच्या छोट्या कादंबरीत बाप आपल्या मुलाला दुसऱ्याच्या शेतावर सालगडी म्हणून पाठवतो. ही कथा वरच्या, अधिक उजाड लांगेतली, पण खालच्या गावांची स्थिती फार वेगळी नव्हती. फेनोल्यो युद्धकाळात फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्या पार्टिझनांमध्ये होता. १९४४च्या शरदात त्यांनी आल्बा गाव तेवीस दिवस आपल्या ताब्यात ठेवलं होतं. त्यावरही त्याने लिहिलं. युद्धानंतर पोटासाठी तो आल्बातल्याच एका वाइन कंपनीत परदेशी पत्रव्यवहार सांभाळत असे. नूतो रेवेल्ली या लेखकाने पुढे इथल्या कुनेओ जिल्ह्यातल्या शेकडो म्हाताऱ्या शेतकऱ्यांची बोलणी टेपवर उतरवून घेतली आणि १९७७ साली 'इल मोंदो देई विंती' म्हणजे 'हरलेल्यांचं जग' हे पुस्तक केलं. भूक, कर्ज, गारपीट, युद्धावर गेलेले मुलगे, दूर देशी गेलेले भाऊ. लांगेला जाण्याआधी वाइनवरचं काही वाचायचं राहिलं तरी चालेल, पण या दोघांपैकी एकाला जरूर वाचावं.

त्या काळी बहुतेक कुटुंबं वाइन बनवून विकत नसत. घरापुरती बनवत आणि उरलेली द्राक्षं बाजारात नेत. सुगीत गाड्या भरून आल्बाच्या चौकात रांगेत उभ्या राहत आणि दलाल रांगेतून फिरत. ऊन वाढलं की घड पाझरू लागतात, तळचे मणी फुटतात, आंबूस वास येतो. संध्याकाळ जवळ आली की शेतकऱ्याचा धीर सुटतो. दलालाला हे पक्कं ठाऊक असे, म्हणून तो संध्याकाळची वाट पाही. लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात उभं राहिलेल्या माणसाला यापुढचं सांगायची गरज नाही. माल परत न्यायचा तर भाड्याचेही पैसे निघत नाहीत, तेव्हा मिळेल त्या भावाला देऊन गाडी रिकामी करायची.

यातून सुटायच्या दोन वाटा निघाल्या. एक वाट कारखान्याची. तोरिनोला फियात, आणि आल्बातच १९४६ साली सुरू झालेली फेरेरो. युद्धानंतर कोको मिळेना, तेव्हा त्यात इथल्या हेझलनटची भर घालून गोड पदार्थ करणारी ही कंपनी. तिचा एक कारखाना आज आपल्या बारामतीत आहे. फेरेरोने गावोगाव बस पाठवून कामगार आणले, त्यामुळे माणसं गाव न सोडता पगार कमावू लागली. दिवसपाळी करून आलेला माणूस संध्याकाळी आपली बाग पाहू शकत होता. लांगेतल्या कितीतरी लहान बागा त्या बसगाड्यांमुळे टिकल्या. दुसरी वाट होती आपलं पीक आपणच बाटलीत भरण्याची. शेजारच्या बार्बारेस्को गावात हे सहकारातून झालं. आल्बाच्या वाइनशाळेचे प्रमुख दोमित्सिओ कावात्सा यांनी १८९४ साली तिथे शेतकऱ्यांची सहकारी वाइनरी काढली होती. फॅसिस्ट राजवटीत ती बंद पडली. १९५८ साली गावच्या पाद्र्याने, फियोरिनो मारेंगो यांनी, एकोणीस शेतकऱ्यांना एकत्र आणून ती पुन्हा उभी केली. सुरुवातीची काही वर्षं वाइन चर्चच्या तळघरात झाली. 'प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को' ही संस्था आज जगातल्या उत्तम सहकारी वाइनरींपैकी एक मानली जाते. साखर कारखान्यांच्या आणि दूध संघांच्या मुलखातून गेलेल्या माणसाने तिथला दरवाजा न ठोठावता परत येऊ नये.

बाकीच्यांनी एकेकट्याने धाडस केलं. बाटलीवर घराण्याचं नाव घालायचं म्हणजे तीन-चार वर्षं माल तळघरात अडकवून ठेवायचा आणि तोवर हातात पैसा नाही. हे ज्यांना जमलं तीच आजची कौटुंबिक तळघरं. म्हणून या वाइनच्या बाबतीत कुटुंब हा शब्द जाहिरातीचा वाटत असला तरी त्याच्यामागे कर्ज आहे, नोकरीची संध्याकाळ आहे, आणि बायकांचं अफाट काम आहे. ते काम लेबलावर क्वचितच दिसायचं. आता दिसू लागलंय, कारण बऱ्याच नामांकित घरांची सूत्रं मुलींच्या हाती आली आहेत.

द्राक्षाबद्दल थोडं. बारोलोत नेब्बियोलो हे एकच द्राक्ष चालतं, दुसरं काही मिसळायला कायद्याने बंदी आहे. हे द्राक्ष हट्टी आहे. वसंतात सगळ्यांच्या आधी फुटतं, म्हणून उशिराचं दहिवर पडलं की पहिला फटका त्याला. आणि पिकतं सगळ्यांच्या शेवटी. परंपरेने ऑक्टोबरमध्ये, खोऱ्यात धुकं साचायला लागलं की त्याची तोडणी. इतका लांब हंगाम ज्याला हवा त्याला उतारही चांगलाच लागतो. दक्षिणेकडे तोंड असलेला, हिवाळ्यात जिथला बर्फ आधी वितळतो तो भाग नेब्बियोलोला. त्याहून थोड्या कमी प्रतीच्या जागी बार्बेरा, आणि सर्वांत थंड, वरच्या बांधावर दोल्चेत्तो. टेकडीकडे नुसतं पाहून कुठली ओळ कुठल्या वेलीची हे जुने लोक सांगू शकतात.

नाशिकच्या बागायतदाराला इथे एका गोष्टीचं नवल वाटेल. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी अशी वेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते, कारण आपला वेल झोपत नाही. लांगेत तो चार महिने बर्फात निपचित पडलेला असतो. छाटणी एकदाच, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, बोटं बधिर करणाऱ्या थंडीत. भुरी आणि डाऊनी हे रोग मात्र दोन्हीकडे तेच. खुंटावर कलम करण्याची पद्धतही तीच. तिथे ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या फायलोक्सेरा या मूळं पोखरणाऱ्या किडीमुळे सक्तीची झाली. युरोपातल्या जवळजवळ सगळ्या बागा तेव्हा उखडून अमेरिकन खुंटांवर पुन्हा लावाव्या लागल्या.

नेब्बियोलोची साल पातळ, रंग फिका. ग्लासात पाहिलं तर पलीकडची बोटं दिसतात, आणि वय वाढलं की कडेला विटकरी छटा येते. गडद म्हणजे दमदार अशी समजूत घेऊन आलेल्याला पहिल्या घोटालाच धक्का बसतो, कारण या फिक्या वाइनचा तुरटपणा जबरदस्त आहे. कच्चं सुपारीचं खांड चघळल्यावर हिरड्या आणि गालांची आतली बाजू आवळून येते, तसं होतं. हा गुण टॅनिनचा. ते सालीतून आणि बियांतून येतं. त्याला आंबटपणाची जोड आहे. या दोन गोष्टी वाइनला वर्षानुवर्षं टिकवतात आणि या दोन गोष्टींमुळेच ती तरुणपणी प्यायला अवघड जाते. बारोलोची सगळी परंपरा म्हणजे या अवघडपणाचं काय करायचं याचं उत्तर.

ते उत्तर फार प्राचीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इथली वाइन पुष्कळदा गोडसर राहत असे. तोडणी उशिरा, तळघर थंड, यीस्ट मंदावतं, साखर पुरती आंबत नाही आणि वसंतात बाटली फसफसते. पूर्ण आंबवलेली, कोरडी, मुरवून प्यायची बारोलो घडली ती बारोलोची शेवटची मार्केझा जुलिया कोल्बेर्त फाल्लेत्ती आणि कामिल्लो कावूर यांच्या जमिनींवर. कावूर म्हणजे पुढे एकसंध इटलीचा पहिला पंतप्रधान. तरुणपणी तो ग्रिंझाने गावचा महापौर होता आणि तिथली शेती सुधारण्यात गढला होता. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांत पाओलो फ्रांचेस्को स्तालिएनो आणि फ्रेंच व्यापारी लुई उदार ही नावं येतात. श्रेय कुणाला किती यावर इतिहासकारांत वाद आहे.

पारंपरिक पद्धत अशी. द्राक्षं हाताने तोडायची, देठ काढायचे, मणी हलके फोडायचे आणि रस सालींसकट लाकडाच्या, सिमेंटच्या किंवा आता स्टीलच्या टाकीत आंबवायचा. आंबताना साली वर येऊन त्यांचा जाड थर होतो. पहिले काही दिवस खालचा रस वर उपसून त्या थरावर सोडतात. जोर ओसरला की फळ्या आडव्या लावून सालींचा थर रसाखाली बुडवून ठेवतात आणि टाकी झाकून टाकतात. महिनाभर, कधी दीड-दोन महिने. मग साली वेगळ्या करून वाइन मोठ्या पिंपांत जाते. ही पिंपं क्रोएशियातल्या स्लाव्होनियाच्या ओक लाकडाची असतात आणि एकेकात तीन-चार हजार लिटर किंवा त्याहूनही जास्त वाइन मावते. लाकूड जुनं हवं. जुन्या लाकडाचा वास वाइनला लागत नाही, फक्त थोडी हवा आत झिरपते आणि टॅनिन हळूहळू मऊ होतं. बारोलोला तोडणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवावं लागतं, त्यातले १८ लाकडात. रिझेर्वा असं लिहायचं तर ६२ महिने. म्हणजे २०२०ची द्राक्षं २०२४च्या जानेवारीआधी दुकानात येऊच शकली नाहीत. शेजारच्या बार्बारेस्कोला २६ महिने पुरतात. हे झाले कायद्याचे किमान आकडे. जुन्या घरांत याहून जास्त थांबतात, आणि बाटली उघडायला आणखी दहा वर्षं थांबा असं ग्राहकाला सांगतात.

या थांबण्यावरूनच लांगेत घरं फुटली. १९७०च्या दशकात ला मोर्रा गावचा एलिओ आल्तारे हा तरुण शेतकरी फ्रान्सच्या बुर्गोन्यला जाऊन आला. तिथले शेतकरी आपल्याच एवढ्या जमिनीवर संपन्न होते. आपल्या वडिलांची पिंपं जुनी, कळकट, वाइन बेभरवशाची. त्याच्या मते दोष तिथे होता. १९८३ साली त्याने करवतयंत्र घेऊन वडिलांची मोठी पिंपं कापून काढली. वडिलांनी त्याला वारसाहक्कातून काढून टाकलं आणि ते वारल्यावर जमीन मिळवायला त्याला बहिणभावांशी व्यवहार करावा लागला. आल्तारे आणि त्याच्या मित्रांनी सालींसोबतचा काळ आठवड्याभरावर आणला आणि २२५ लिटरच्या नव्या फ्रेंच ओकच्या पिंपांत, म्हणजे बारिकमध्ये, वाइन ठेवली. ती लवकर पिण्याजोगी झाली, तिला व्हॅनिलाचा गोडसर वास आला आणि अमेरिकेत तिला भरपूर गुण मिळाले. या तरुणांना 'बारोलो बॉइज' नाव पडलं. २०१४ साली त्यांच्यावर त्याच नावाचा माहितीपटही निघाला.

समोरच्या बाजूला बारोलो गावचे बार्तोलो मास्कारेल्लो उभे होते. ते निरनिराळ्या बागांची द्राक्षं वडिलांप्रमाणे एकत्र आंबवत. एका बागेचं नाव बाटलीवर घालून जास्त भाव घेणं त्यांना मान्य नव्हतं. म्हातारपणी चालणं थांबलं तेव्हा ते घरी बसून बाटल्यांची लेबलं हाताने रंगवत, आणि त्यांतल्या एकावर त्यांनी 'नो बारिक, नो बेर्लुस्कोनी' असं लिहिलं. नवं लाकूड आणि राजकारणी बेर्लुस्कोनी या दोहोंना एकाच दमात नकार. ते २००५ साली गेले. त्यांची मुलगी मारिया तेरेझा आजही त्याच पद्धतीने वाइन करते. बारोलोचेच जुझेप्पे रिनाल्दी शिक्षणाने पशुवैद्य. तेही याच मताचे होते. ते २०१८ साली गेले आणि तिथेही मुली काम पाहतात.

माझा कौल मास्कारेल्लोंच्या बाजूने आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. नव्या लाकडाच्या वासाखाली नेब्बियोलोचा गुलाबाचा आणि डांबराचा सुगंध बुजून जातो. मग ती वाइन कुठलीही असू शकली असती. पण आल्तारेंच्या पिढीने जे दिलं ते नाकारणं अन्यायाचं होईल. तळघरं स्वच्छ झाली. वेलीवरचे जादा घड पिकण्याआधीच काढून टाकायला शेतकरी शिकला. तेव्हा आधीच्या पिढ्यांना हे म्हणजे अन्न फेकणं वाटलं होतं. शिवाय जगाने लांगेकडे पाहिलं ते त्या गोंगाटामुळे. त्यात १९८६ साली भीषण प्रकार घडला. स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळलं गेलं आणि इटलीत वीसहून अधिक माणसं दगावली. ज्या व्यापाऱ्याकडून ती वाइन गेली तो बारोलोपासून हाकेच्या अंतरावरचा. निर्यात कोसळली. तेव्हापासून बाटली कुणाच्या घरची आहे हे विचारलं जाऊ लागलं आणि ज्यांचं नाव स्वच्छ होतं ती छोटी घरं वर आली. आज त्या भांडणाची धार गेली आहे. आधुनिक म्हणवणाऱ्यांपैकी बरेच जण मोठ्या पिंपांकडे वळलेत, आणि पारंपरिक म्हणवणाऱ्यांच्या टाक्यांचं तापमान संगणकावर दिसतं.

आता प्रत्यक्ष घरी जाऊ. या पुस्तकासाठी मी ज्या घरांत बसलो, त्यांतलं सेर्रालुंगा गावाखालचं एक घर सांगतो. अंगणात ट्रॅक्टर, मागे कोंबड्या, पाटी इतकी लहान की पुढे जाऊन परत वळावं लागतं. दार आजींनी उघडलं. नात बागेतून येईपर्यंत त्यांनी स्वयंपाकघरात बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडे यंदा पाऊस कसा झाला?" वाइनचा विषय नंतर निघाला. नात आली ती चिखलाच्या बुटांतच. शिक्षण आल्बाच्या वाइनशाळेत, काम आजोबांच्या हाताखाली. तळघरात पिंपांवर पाटीचे तुकडे लटकवलेले, त्यांवर खडूने बागेचं नाव आणि साल. तिने एका पिंपातून काचेच्या नळीने दोन वर्षांची बारोलो काढून दिली. ती तोंडात घेतल्यावर मला बोलता येईना. ती म्हणाली, "ही अजून तुमच्यासाठी नाही. पण पुढची समजायला ही घ्यावी लागते."

वर येऊन जेवणाच्या टेबलावर चव घेणं सुरू झालं. क्रम ठरलेला असतो आणि तो पाळण्यात शहाणपण आहे. आधी दोल्चेत्तो. जांभळी, मऊ, आंबटपणा कमी, शेवटाला बदामाचा किंचित कडवटपणा. शेतकरी दुपारच्या जेवणाला रोज हीच पितो. मग बार्बेरा. रंगाने गडद, आंबटपणा तरतरीत, तुरटपणा जवळजवळ नाही. चीज आणि तेलकट खाण्यासोबत ती जीभ धुऊन काढते. मराठी जेवणाला या सगळ्यांत कोणती जवळची असं कुणी विचारलं तर मी बार्बेराचं नाव घेईन, कारण आमसुलाच्या आणि चिंचेच्या आंबटपणावर वाढलेल्या जिभेला ती परकी वाटत नाही. तिखटाशी मात्र यांतल्या कोणत्याही वाइनचं जमत नाही. तिखट आणि टॅनिन एकमेकांना भडकवतात. तिसरी लांगे नेब्बियोलो. तेच द्राक्ष, पण बहुधा तरुण वेलींचं किंवा कमी मानाच्या उतारावरचं, आणि कमी मुरवलेलं. नवख्याने या द्राक्षाशी ओळख इथून करून घ्यावी.

शेवटी बारोलो, आणि जमलं तर दोन टेकड्यांच्या दोन. आल्बाहून बारोलोला जाणाऱ्या रस्त्याच्या पश्चिमेला ला मोर्रा आणि बारोलो, तिथली माती निळसर राखाडी, तुलनेने नवी. पूर्वेला सेर्रालुंगा आणि मोन्फोर्ते, तिथे जुनी, वाळूच्या दगडाचे थर असलेली माती. दोन्हीकडे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता. पश्चिमेकडची वाइन सहसा लवकर खुलते, वासाला अधिक नाजूक. पूर्वेकडची कठोर, आणि तिला जास्त वर्षं लागतात. २०१० साली या मुलखातल्या १८१ जागांची नावं अधिकृतपणे नोंदली गेली. कान्नुबी, ब्रुनाते, बुस्सिया, विन्या रिओंदा ही त्यांतली काही. नकाशा आधी पाहून ठेवला तर चव घेताना आपण कुठल्या उतारावर उभे आहोत ते कळत राहतं.

ग्लास तिरका धरून रंग पाहावा, हलवून वास घ्यावा, पुन्हा थोड्या वेळाने घ्यावा. बारोलो ग्लासात तासाभरात बदलते, म्हणून घाईने गिळण्यात तिचा अपमान आहे. घोट तोंडात फिरवून थुंकायचं भांडं मागावं. कुणी वाईट मानत नाही, उलट ज्याला गाडी चालवायची आहे त्याने थुंकलंच पाहिजे. इटलीत चालकाच्या रक्तात अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. सोबत ग्रिस्सीनी या पावाच्या काड्या, सलामी, चीज येतं. शाकाहारी माणसाने आधी सांगून ठेवावं. अंड्याच्या पिवळ्या बलकाची तायारीन ही शेवयांसारखी पास्ता लोणी घालून मिळते. अंडं चालत नसेल तर चीज आणि भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या आहेत. निरोपाला एखादं घर बारोलो किनातो देतं. सेर्रालुंगाच्या जुझेप्पे काप्पेल्लानो या औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारोलोत सिंकोनाची साल आणि मसाले मुरवून हे केलं. आधी ते औषध म्हणून घेत, आता चॉकलेटसोबत घेतात.

हे सगळं आज ज्या पायावर उभं आहे तो पाया हलतो आहे. उन्हाळे तापलेत. पूर्वी दहा वर्षांत दोन-तीन सालं उत्तम निघत, आता द्राक्ष न पिकण्याची भीती जवळपास संपली आणि करपण्याची सुरू झाली. सप्टेंबरात तोडणी करावी लागल्याची सालं येऊन गेली. जमिनीचा भाव हेक्टरला दहा लाख युरोंच्या वर गेला आहे. ऐकायला हे भाग्य वाटतं. पण तीन भावंडांतल्या एकाला शेती करायची असेल आणि दोघांना आपला वाटा रोख हवा असेल तर घर विकण्यावाचून मार्ग राहत नाही, आणि विकत घेणारा परदेशी गुंतवणूकदार असतो. उतारावर वाकून छाटणी करणारे हात आता पुष्कळदा उत्तर मॅसिडोनिया आणि बाल्कनमधल्या इतर देशांतून आलेल्या मजुरांचे आहेत. त्यांतल्या अनेकांना ठेकेदार कमी पैशांत राबवतात. या मजुरांवर पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते वगळून पुढे जाऊ नये अशी माझी विनंती आहे, कारण आपल्या बागांतही छाटणीला आणि थिनिंगला येणाऱ्या टोळ्यांची गोष्ट याहून फार निराळी नाही.

इटलीची वाइन महाराष्ट्राला आता तशी दूरची राहिलेली नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू यांनी मिळून फ्रातेल्ली ही वाइनरी उभारली. तिथे इटलीतल्या तोस्काना प्रांताचं सांज्योवेझे द्राक्ष पिकतं आणि वाइन घडवायला पिएरो मासी हे तोस्कानाचेच तज्ज्ञ आले. नेब्बियोलोचं तसं होण्याची मला आशा नाही. त्याला बर्फातली झोप आणि ऑक्टोबरचं धुकं लागतं, आणि ते लांगेबाहेर युरोपातही फार थोड्या जागी रमलं आहे. म्हणून ते त्याच्या घरी जाऊनच प्यावं.

जायचं ठरवलंत तर काही गोष्टी लक्षात असू द्या. आठ-पंधरा दिवस आधी पत्र किंवा फोन करून वेळ घ्या, दार वाजवून आत शिरू नका. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत जाऊ नका, तेव्हा घरातल्या कुणालाही उसंत नसते. अत्तर लावू नका. दिवसाला दोन घरं पुरेत. चवीचे पैसे घेतले नाहीत तर एखादी बाटली विकत घ्या. आणि आपल्याकडे पाऊस कसा झाला, याचं उत्तर तयार ठेवा. तिथे ते मनापासून विचारलं जातं.